बस्त्याच्या चिंध्या आणि मधलं न शिवलेलं फूल

माझ्या नवऱ्यानं मला फसवलं. फसवायला त्यांच्या थोरल्या भावानं सांगितलं, आणि पुण्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी त्यावर मान हलवली. फसवली गेले ती मी.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी दुखण्याचं, दवाखान्याचं आणि भिंतीवर टांगायच्या एका फुलाफुलांच्या शिवणकामाचं सांगणार आहे. ते वाचून कुणाला वाटायला नको, की बाई आजारातून उठली आणि आता सगळ्यांना हात जोडत फिरते आहे. ज्यांचे आभार मानायचे त्यांचे मानीन. पण एक जबाब यायचा राहिलाय.

आळेफाट्यावर माझं कटपीसचं दुकान आहे. ते मला कुणी मांडून दिलेलं नाही. लग्नानंतर ओतूर, बेल्हे, मंचर अशा आठवडे बाजारांत गोणपाट अंथरून मी ब्लाउजपीस विकले. उन्हात कापड विटतं म्हणून स्वतः उन्हात बसले आणि कापड छत्रीखाली ठेवलं. जुन्नरच्या पेठेतल्या ज्या शेठजींकडून मी पहिला माल उचलला, ते अजून मला बघितलं की आधी पाणी पितात आणि मग बोलायला लागतात. "शोभाताई आल्या, आता आमची दुपार गेली," म्हणतात. माझं तोंड फाटकं आहे, हे मला माहीत आहे. पण दुकानात माझा एक नियम आहे. कापडाला डाग असेल, विणीत दोरा तुटलेला असेल, तर तो भाग मी वर करून ठेवते. घडीच्या आत लपवत नाही. गिऱ्हाइकानं डाग बघावा, बोट लावावं, मग काय भाव करायचा तो करावा. डाग कळल्यावरसुद्धा लोक घेतात. न कळता घेतलेलं कापड मात्र लोक कधी विसरत नाहीत.

माझ्याच घरात माझंच कापड मला घडी घालून दिलं गेलं.

बाकावर

गाठ मला अंघोळ करताना लागली. डाव्या बाजूला, काखेच्या जवळ. दुखत नव्हती, म्हणून आधी मी दुर्लक्ष केलं. मग हात सारखा तिथेच जायला लागला. गिऱ्हाइकाला कापड दाखवतानासुद्धा कोपर अंगाला दाबून धरायची. शेवटी मालकांना सांगितलं. मालक म्हणजे आमचे हे, नामदेव. पिंपळवंडीला आमची शेती आहे, ती ते बघतात. माणूस कमी बोलणारा. फाट्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच पुण्याला पाठवलं. तिथे सुई टोचून तपासणी झाली.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघं गेलो. मी बाकावर बसले होते. माझं नाव पुकारलं. मी उठून दारापर्यंत गेले तर तिथली बाई म्हणाली, "तुम्ही बसा. आधी मालकांना पाठवा."

"नाव माझं घेतलं ना?"

"हो, पण आधी घरच्या माणसाशी बोलायचंय डॉक्टरांना."

मालक आत गेले. दार लागायच्या आधी डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग दार लावून घेतलं. मी परत बाकावर बसले आणि समोरच्या भिंतीवरचं चित्र बघत राहिले. एका काचेच्या चौकटीत समुद्र होता. वाटलं, यांना समुद्र कशाला लागतो इथे.

मालक बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी हातात धरली होती. म्हणाले, "चरबीची गाठ हाय. गोळ्या दिल्यात, इरघळंल. न्हाई इरघळली तर पल्लवीचं लग्न झाल्यावर काढून टाकू."

"रिपोर्ट दाखवा."

"आत ऱ्हायला. त्यांच्याकडंच ठिवत्यात."

परत येताना चहाला गाडी थांबवली तर त्यांनी चहा घेतला नाही. मी दोन्ही कप प्यायले. मी खूश होते. चरबीची गाठ म्हणजे काय मोठी गोष्ट, आमच्या गावातल्या निम्म्या म्हशींना असते.

बस्ता

पल्लवी माझी एकुलती मुलगी. तिचं लग्न ठरलेलं होतं, आणि कापडवालीच्या पोरीचा बस्ता म्हटल्यावर मी अंगात आल्यासारखी झाले होते. लग्नाचं कापड घ्यायला दोन्हीकडची माणसं दुकानात बसली. मी एकेक ताका पूर्ण उलगडायला लावला. दुकानदाराला घाम फुटला. व्याहीण मला कोपर मारून हसत होत्या.

सगळं झाल्यावर मालक म्हणाले, "आता तुला घे."

मी मागवली ती साधी, बरी दिसेल अशी. तिथेच वर आमसुली रंगाची, मोरपंखी काठाची एक साडी टांगलेली होती. माझी नजर तिकडे गेली, तेवढं त्यांनी बघितलं.

"ती काढा वो," ते दुकानदाराला म्हणाले. मी भाव करायला तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाव करू नको, शोभा. आवडली ना? मंग घे."

लग्नाच्या इतक्या वर्षांत या माणसानं मला "भाव करू नको" कधी म्हटलं नव्हतं. थोरले भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, बाजूला बसून उपरण्यानं डोळे पुसत होते. मला वाटलं पुतणी सासरी जाणार म्हणून. मी मनात म्हटलं, चला, म्हातारपणी नवरा सुधारला.

ती साडी मी भाव न करता घेतली. आयुष्यातली एकमेव. तिथेच मला कळायला हवं होतं.

लग्न थाटात झालं. मी आमसुली साडी नेसून मांडवभर फिरले. ज्या कुणी बायका त्या दिवशी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, त्यांचे चेहरे मला आता एकेक करून आठवतात. भाऊजींच्या घरात माहीत होतं. स्वयंपाक्याला सुद्धा माहीत असेल. मधल्या दिवसांत गाठ वाढत होती, ते माझ्या बोटांना कळत होतं. मी रोज न चुकता गोळी घेत होते.

हाडाच्या गोळ्या

लग्नाचा मांडव उतरल्यावर मालक म्हणाले, पुण्याला जाऊन गाठ काढून घेऊ. या वेळी त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर जायचं होतं. बोर्डावर कॅन्सर लिहिलेलं मी वाचलं. मालकांना विचारलं. म्हणाले, "हितं सगळंच बघत्यात."

ते कागद करायला खिडकीशी गेले. माझ्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. घोडेगावच्या सुमनताई. आता माझी मैत्रीण आहे, म्हणून नाव सांगते. डब्यातला आवळा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घ्या. तोंडाला बरं वाटतं. तुमची कितवी?"

"कितवी काय?"

"केमो."

"मला नाय केमोबिमो. माझी चरबीची गाठ हाय. गोळ्या चालू हायेत इरघळायच्या." मी पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. का दाखवलं कोण जाणे. खरा माल दाखवावा तसं दाखवलं.

सुमनताईंनी पाकीट लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं. "ताई, ह्या हाडाच्या गोळ्या. कॅल्शियमच्या. मी बी खाती."

मी पाकीट परत मागून घेतलं. त्या घाबरल्या. "माझं चुकलं का काय? माझ्या लेकी मला म्हणत्यात, आये, तू लई बोलतीस."

"न्हाई," मी म्हटलं. "तुमचं काय न्हाई चुकलं. आवळा द्या अजून एक."

मालक कागद घेऊन आले. मी ते पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी बघितलं आणि ते भिंतीला टेकले. मी आवाज चढवला नाही, आणि माझी ज्यांना सवय आहे त्यांना ठाऊक आहे की हे जास्त वाईट.

"काय झालंय मला?"

"शोभा, घरी गेल्यावर..."

"हितं. आत्ता. ह्या बाईंसमोर सांगा, ह्यांनी मला तुमच्या आधी सांगितलं."

त्यांनी सांगितलं. शब्द तोंडातून निघायला त्यांना वेळ लागला. डॉक्टरांच्या खोलीतूनच त्यांनी फोन लावला, तेव्हा भाऊजी म्हणाले होते, लग्न उरकू द्या, बाईमाणूस आहे, धसका घेईल, पोरीच्या मांडवात रडारड नको. डॉक्टर म्हणाले होते, लांबवू नका, पण पेशंटला कधी सांगायचं ते तुम्ही घरचे ठरवा.

माझ्या अंगाबद्दल तीन पुरुष बसले आणि त्यांनी ठरवलं. मी बाहेर बाकावर समुद्र बघत होते.

भीती तेव्हा वाटली नाही. राग इतका होता की भीतीला बसायला जागा नव्हती. भीती नंतर आली, घरी, भाजी चिरताना. विळी ठेवली आणि पाय पोटाशी घेऊन तिथेच बसले.

खाटेवरची भांडणं

ऑपरेशनबद्दल मी फार सांगत नाही. ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना डॉक्टर सांगतील. सांगितलं नाही तर विचारा.

वॉर्डात माझी खाट संडासाच्या दाराशी होती. खिडकीजवळची रिकामी झाली तशी मी नर्सबाईंच्या मागे लागले. त्या म्हणाल्या, नंबरानं मिळते. मी म्हटलं, नंबरात पुढे आहे ती आजी झोपूनच असते, तिला खिडकीचं काय, विचारून बघा. आजीला विचारलं. आजी म्हणाली, "तिला द्या बया, तिथनं तरी तिचा आवाज भाईर जाईल." सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, आणि टाके ओढले गेले म्हणून रडले.

मला स्वस्थ पडता येत नव्हतं. पडलं की डोकं चालू. कोणत्या दिवशी कोण काय बोललं होतं, कोणाला काय माहीत होतं. उठून बसायची, पाय खाली सोडायची, पुन्हा वर घ्यायची. चहाच्या भांड्यापासून चादरीच्या डागापर्यंत मी प्रत्येकाशी वाद घातला. पण त्या नर्सबाई रोज सकाळी माझी वेणी घालायच्या, कारण माझा हात वर जात नव्हता. त्यांचं ते काम नव्हतं. त्यांचे आभार मी इथे मानते.

मालक बाहेर पायऱ्यांवर बसून असायचे. आत आले की मी भिंतीकडे तोंड करायची.

खिळा

घरी आल्यावर डावा हात खांद्याच्या वर जाईना. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी होती, तिनं सांगितलं होतं, "काकू, भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवत न्यायची. रोज थोडी जास्त वर."

दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मला माझाच संताप आला. रिकाम्या भिंतीवर बोटं नाचवायची आणि परत खाली आणायची. मी आयुष्यात कधी रिकामा हात वर नेला नाही. काही काढायला नेला, काही ठेवायला नेला. मालकांना म्हटलं, "हितं खिळा ठोका. माझा हात पोचतो त्याच्या इतभर वर."

"कशाला?"

"टांगायचंय."

"काय?"

ते मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात माळ्यावर ठेवलेलं चिंध्यांचं गाठोडं आठवलं. बस्त्याचे सगळे ब्लाउज माझ्याच टेलरकडे शिवले होते आणि कापून उरलेला तुकडान् तुकडा मी मागून आणला होता. पल्लवीच्या शालूच्या ब्लाउजचा, व्याहिणीचा, जावेचा, करवल्यांचा. टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

माझी आई डिंगोऱ्याची. गोधड्या शिवायची. मला तेवढं मोठं काम आता झेपणार नव्हतं, मांडीवर ओझं सहन होत नव्हतं. म्हणून पाटाएवढं करायचं ठरवलं. खाली आईच्या जुनेराच्या, म्हणजे जुन्या लुगड्याच्या घड्या, वर पांढरं मांजरपाट, आणि त्यावर चिंध्यांची फुलं. पाकळी कापायची, तिची कड आत दुमडायची, बोटानं दाबायची आणि बारीक टाक्यांनी बसवायची. मग सगळे थर एकत्र धरून कडेनं धावदोरा घालायचा, एकाच्या आत एक, गोल गोल मध्याकडे यायचं. आईची तीच रीत. मध्याला ती गोधडीचं पोट म्हणायची. पोट सगळ्यात शेवटी. ते शिवून बंद करायच्या आधी ती त्यात चपातीचा बारीक तुकडा ठेवायची. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

पहिलं फूल झाल्यावर ते अर्धवट कापडच मी खिळ्याला अडकवायला गेले. पोचले नाही. घामाघूम झाले, शिव्या दिल्या, बसले, पुन्हा उठले. संध्याकाळपर्यंत अडकवलं. दुसऱ्या दिवशी शिवायला काढलं, पुन्हा अडकवलं. हात सहज पोचायला लागला की मी मालकांना खिळा वर सरकवायला सांगायची. आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीला खालून वर भोकं आहेत. येणारे-जाणारे विचारतात. मी रंग देऊ देत नाही.

सुया

केमोच्या दिवसांचं एवढंच सांगते, की ज्या वस्तूंचा मला कधी वास आला नव्हता त्यांचा यायला लागला. नव्या कापडाच्या खळीचा वास, ज्यावर मी पोट भरलं, तो आला की मोरीकडे धावायचे. दुकान पल्लवीच्या नणंदेला बघायला लावलं. ती गिऱ्हाइकाला पहिल्याच झटक्यात भाव सोडून द्यायची. ते ऐकून मला उलटीपेक्षा जास्त त्रास व्हायचा.

दवाखान्यात सलाईन उजव्या हाताला लावायचे, कारण डाव्या बाजूचं ऑपरेशन. त्यामुळे तिथे शिवता यायचं नाही. मी डाव्या हातानं मांडीवर पाकळ्या नुसत्या मांडायची, मोडायची. सुमनताईंच्या आणि माझ्या तारखा जुळायच्या. त्या बाजूच्या खुर्चीतून सल्ले द्यायच्या.

"पिवळ्याशेजारी ती जांभळी नका लावू. आमच्या सरपंचीणबाई दिसतीया."

"तुमचं घोडेगाव सांभाळा. फुलं माझी हायेत."

"फुलं हायेत व्हय? मला वाटलं भजी."

केस गेल्यावर पल्लवीनं मला टोप आणून दिला. तो घालून आरशात बघितलं तर मी आमच्या भाऊजींसारखी दिसत होते. त्या दिवशी मी टोपावर रागावले नाही, चेहऱ्यावर रागावले. सुमनताईंकडून रुमाल बांधायची त्यांची पद्धत शिकले.

मग बोटांच्या टोकांना बधिरपणा आला. सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांपुढे नेढं हलायचं. एकदा सुई भिरकावून दिली, ती सापडेना, आणि सगळं घर अनवाणी फिरायला घाबरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तर उशीला रांगेनं सुया टोचलेल्या होत्या. सगळ्या ओवलेल्या. लाल, हिरवा, पिवळा, पांढरा. मालक शेतावर निघून गेले होते.

त्या दिवसापासून रोज. त्यांची बोटं उसाच्या पेरांसारखी जाड, नखांत माती. त्यांनी ते कसं केलं, त्यांनाच ठाऊक. मी त्या सुयांनी शिवत राहिले. पण मनात सारखं होतं, सुया ओवून जबाब मिळत नाही.

पल्लवी

पोरगी सारखी माहेरी यायची आणि माझ्यापुढे बसून रडायची. "मम्मी, माझ्या लग्नापायी झालं हे. मला सांगितलं असतं तर मी लग्न पुढं ढकललं असतं."

घरातले सगळे तिला म्हणत होते, असं काही नाही, मनाला लावून घेऊ नको. म्हणजे पुन्हा तेच, घडी घालून ठेवणं. मी तिला समोर बसवलं.

"नीट ऐक. तुझं लग्न आडवं आलं न्हाई. तुझं लग्न आडवं लावलं. लावणारे मोठे व्हते आणि त्यांना तोंडं व्हती. तुला कुणी इचारलं का? न्हाई. मला इचारलं का? न्हाई. मंग तू कशाला रडतीस?"

"पप्पांचं काय चुकलं असं मी म्हणत नाय..."

"मी म्हणते. तू नको म्हणू. आणि सासरी गेल्यावर तुझी तपासणी करून घे, डॉक्टरला स्वतः इचार."

ती थोडी शांत झाली. मग चिंध्यांमध्ये हात घालून म्हणाली, "यात तुझी आमसुली कुठं आहे?"

ती त्यात नव्हती. बस्त्यातल्या माझ्या साडीचा ब्लाउजपीस साडीबरोबर कपाटात होता. तो मी शिवलाच नव्हता, लग्नात दुसऱ्या ब्लाउजवर भागवलं होतं. ती साडी त्या दुकानात एका मरणाऱ्या बाईला घेतलेली साडी होती. म्हणून भाव नको होता. हे कळल्यापासून मी कपाटाचा तो कप्पा उघडला नव्हता. त्या दिवशी उघडला. ब्लाउजपीसला कात्री लावली. पल्लवी ओरडली, "अगं, नवं आहे ते!"

त्याच्या मी पाकळ्या केल्या. सगळ्यात मोठं, मधलं फूल त्याचं आहे. पाकळ्या बसवल्या. फक्त मधली गोल टिकली, पोट, राहू दिलं. तिथे मांजरपाट गोल कापून ठेवलंय, बोट घातलं तर आतलं आईचं जुनेर लागतं.

तपासणी

उपचार संपल्यानंतरची तपासणी. हात आता डोक्याच्या वर जातो. ते शिवण मी पिशवीत घालून नेलं, कारण व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला दाखवायचं होतं. तिनं ते सगळ्यांना दाखवलं आणि मिरवत डॉक्टरांच्या खोलीपर्यंत नेलं.

या वेळी मला बाकावर बसवायला कुणी धजलं नाही. आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, म्हणाले, सगळं छान आहे. मग त्यांनी ते शिवण हातात घेतलं, उलटं करून टाके बघितले. "सुंदर आहे हो मावशी. आमच्या बाहेरच्या भिंतीला द्याल? काय घ्याल?"

समुद्र काढून माझी फुलं. मी भाव सांगणारी बाई आहे, मी लगेच सांगितला.

"पैसे नकोत. दोन उत्तरं द्या. रिपोर्ट आला त्या दिवशी मी बाहेर बसले होते, ते तुम्ही बघितलंत. मला आत का नाही घेतलं? आणि लग्न होईपर्यंत जे थांबलो, ते थांबलो नसतो तर एवढं सगळं सोसावं लागलं असतं का?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. आणि माझ्याकडे नाही, मालकांकडे बघून म्हणाले, "यांना सांगा, आता बऱ्या झाल्यात ना, मागचं कशाला उगाळायचं."

मी उठणार होते. तेवढ्यात मालक बोलले. टोपी मांडीवर होती, नजर खाली होती.

"तिला सांगा, डॉक्टर. ती हितं बसलीया."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, अशा प्रश्नाचं नक्की उत्तर देता येत नाही, आणि बाहेर बरेच पेशंट आहेत, पुढच्या वेळी बोलू. मी फुलं गुंडाळून पिशवीत घातली.

परतीला चाकणच्या पुढे आल्यावर मालक स्वतःहून म्हणाले, "मी भ्यालो व्हतो, शोभा. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. भाऊ म्हणाला थांब, तर मला बरंच वाटलं. मला थांबायचंच व्हतं."

मी विचारलं, "आणि साडी?"

"वाटलं, तू गेलीस तर... तुझ्या मनातलं कायतरी घेतलेलं असावं."

नारायणगावला चहाला थांबलो. या वेळी दोन्ही कप मी प्यायले नाहीत.

माफ केलं असं मी म्हणत नाही. पण त्यांनी तोंड उघडलं, डाग वर करून दाखवला. थोरल्या भाऊजींनी अजून दाखवलेला नाही. दिवाळीला आले, लाडू खाल्ला, तब्येत विचारली आणि गेले. त्यांना माझ्याकडून यापुढे फक्त लाडूच मिळेल.

हे लिहिते आहे ते बाकावर बसलेल्या बायकांसाठी. नाव तुमचं पुकारलं तर तुम्ही उठा. घरचा माणूस बरोबर येऊ दे, पण तुमच्या आधी नको. मिळालेल्या गोळ्यांचं पाकीट दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. धसका बसेल. मलाही बसला. पण धसका माझा होता, तो इतरांनी माझ्यासाठी राखून ठेवायचं कारण नव्हतं. आणि हात वर करायला भिंतीवर काहीतरी टांगा, रिकाम्या भिंतीवर जमत नाही.

ती फुलं आता दुकानात, माझ्या गादीच्या मागे टांगली आहेत. शेठजी आले होते, म्हणाले, "शोभाताई, मधलं भोक राहिलंय." मी म्हटलं, राहिलं नाही, ठेवलंय.

डॉक्टर, तुम्हाला ते तुमच्या भिंतीला हवं होतं. माझा भाव बदललेला नाही. पुढची तारीख तुम्हीच दिली आहे, त्या दिवशी मी ती फुलं आणते, आणि त्यांचं पोट बंद करायला ओवलेली सुई आणि रुमालात बांधलेला चपातीचा तुकडाही. मालक बाहेर बाकावर बसतील. तुम्ही माझ्याकडे बघा आणि सांगा. मी समोर दिसत असताना तुम्ही दार का लावून घेतलंत, आणि त्या बंद दारामागे माझे किती दिवस देऊन टाकलेत?